लंडनमधली ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ वॉकिंग टूर: गाईडबाईंना पाच स्टार, पुस्तिकेला दोन

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणार आहे कारण लिहायसारखं खूप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण दोन तक्रारी आहेत आणि मला कुणाचं नाव खराब करायचं नाहीये. मला या वॉकबद्दल लिहायचंय (प्रिन्स ऑफ वेल्स हा इंग्लंडच्या गादीच्या वारसाचा किताब, त्याची बायको ती प्रिन्सेस ऑफ वेल्स), म्हणजे कुणाला लंडनमध्ये असा वॉक दिसला तर काय बघायचं, काय विचारायचं ते कळेल.

झालं असं की सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांना इंग्लंडच्या राजघराण्याचं सगळं तोंडपाठ, कुणाचं लग्न कधी, कुणाची मुलं किती. एक दिवस चहा पिताना त्यांनी मला विचारलं, अगं, ती कॅमिला चार्ल्सची बायको ना, मग ती इतकी वर्षं प्रिन्सेस ऑफ वेल्स का नव्हती? मला काही सांगता आलं नाही. इंग्लंडमध्ये राहून इतकी वर्षं झाली आणि एवढं साधं उत्तर येत नाही याचं मलाच वाईट वाटलं. त्याच रात्री शोधलं तर हा वॉक सापडला, दोन भागांचा, एक शनिवारी लंडनमध्ये पायी आणि दुसरा रविवारी क्यू गार्डन्स या वनस्पतींच्या बागेत. लगेच दोघींची तिकिटं काढली.

शनिवारी सकाळी दहाला वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चच्या बाहेर जमायचं होतं. बुकिंगच्या वेळी लिहिलं होतं छोटा ग्रुप, बारा लोक, प्रत्यक्षात आम्ही बावीस जण होतो. ही पहिली तक्रार. कानाला लावायचं जे यंत्र देतात ते आमच्या दोघींपैकी एकीचं चालूच झालं नाही, शेवटपर्यंत नाही, म्हणून आम्ही सगळीकडे गाईडबाईंना चिकटून चाललो. गाईडबाई मात्र सोनं. साठीच्या असतील, आवाज खणखणीत, हातात कागद नाही, आणि एकदाही घाई केली नाही.

ॲबीच्या दाराशीच त्यांनी पहिली गोष्ट सांगितली आणि ती डायनाची नव्हती, केटची पण नव्हती. ती होती ॲन नेव्हिलची. १४७० च्या डिसेंबरमध्ये लग्न, तेव्हा ती चौदा वर्षांची, नवरा राजा सहाव्या हेन्रीचा मुलगा एड्वर्ड, प्रिन्स ऑफ वेल्स, आणि मे १४७१ मध्ये तो ट्यूक्सबरीच्या लढाईत मारला गेला. म्हणजे पाच महिने ती प्रिन्सेस ऑफ वेल्स होती. मग तिचं लग्न झालं रिचर्डशी, तो पुढं तिसरा रिचर्ड झाला, ती राणी झाली आणि १४८५ मध्ये अठ्ठावीस वर्षांची असताना गेली. याच ॲबीत तिला पुरलंय पण थडगं असं काही नाही, १९६० साली एक ब्राँझची पाटी लावली तेवढीच. आत जायचं तर वेगळं तिकीट लागतं, वॉकमध्ये ते नाही, हे आधी माहीत असू द्या.

त्याच दाराशी दुसरी गोष्ट, कॅरोलाइन ऑफ ब्रन्सविकची. १७९५ मध्ये लग्न करून आली, पंचवीस वर्षं प्रिन्सेस ऑफ वेल्स राहिली, नवऱ्याशी एक दिवस पटलं नाही. १८२० मध्ये नवरा राजा झाला, चौथा जॉर्ज, म्हणजे ही कायद्यानं राणी. १९ जुलै १८२१ ला त्याचा राज्याभिषेक होता आणि ही ॲबीत यायला निघाली तर दारं तिच्यासाठी उघडलीच नाहीत, एका दारावरून दुसऱ्या दारावर गेली आणि परत फिरली. तीन आठवडे पण झाले नाहीत, ७ ऑगस्टला ती गेली. मी तिथं उभी होते तेव्हा त्या दाराशी शाळेच्या मुलांची रांग होती, एक एक करून आत सोडत होते, आणि मला राहून राहून त्या बाईचं वाटत होतं.

मग सेंट जेम्सेस पार्कमध्ये बाकांवर बसवलं आणि इथं खरा मुद्दा आला, ज्यासाठी पैसे भरले होते तो. मी जमेल तसं सांगते.

राजाचा थोरला मुलगा, वारस असला की, ड्यूक ऑफ कॉर्नवॉल आपोआप होतो, हे १३३७ पासून चालत आलंय. स्कॉटलंडमध्ये तोच ड्यूक ऑफ रॉथसे. पण प्रिन्स ऑफ वेल्स आपोआप होत नाही, ते राजानं किंवा राणीनं द्यावं लागतं. १३०१ मध्ये पहिल्या एड्वर्डनं आपल्या मुलाला दिलं तिथून ही इंग्रजांची रीत सुरू झाली, त्याआधी वेल्सचे स्वतःचे राजपुत्र होते, आणि त्यांच्यातला लेवेलिन, त्याची बायको एलिनॉर द माँटफर्ट, ती खरी प्रिन्सेस ऑफ वेल्स. १२८२ मध्ये बाळंतपणात गेली बिचारी. तिची मुलगी ग्वेन्लियन, तिला इंग्रजांनी तान्ही असतानाच उचलून लिंकनशरमधल्या मठात ठेवलं आणि ती चोपन्न-पंचावन्न वर्षं तिथंच राहून १३३७ मध्ये गेली. गाईडबाईंनी हे सांगितलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

तर बायकोचं काय. बायकोला वेगळं काही दिलं जात नाही. ज्या दिवशी लग्न लागतं त्या दिवशी नवऱ्याचे जे किताब असतील ते सगळे तिला लागू होतात. ना वेगळा समारंभ, ना मुकुट, ना कागद. म्हणूनच याला मानाचा किताब म्हणतात, नवऱ्याच्या मागून येणारा. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली, त्या क्षणी विल्यम आणि केट कॉर्नवॉल आणि केंब्रिजचे ड्यूक-डचेस झाले, आपोआप. दुसऱ्या दिवशी चार्ल्सनं टीव्हीवरच्या भाषणात विल्यमला प्रिन्स ऑफ वेल्स केल्याचं सांगितलं तेव्हा केट प्रिन्सेस ऑफ वेल्स झाली. १९०१ मध्ये मेरी ऑफ टेकला याच गोष्टीसाठी साडेनऊ महिने थांबावं लागलं होतं, जानेवारीत सासू-सासरे राजा-राणी झाले आणि हिच्या नवऱ्याला प्रिन्स ऑफ वेल्स केलं ९ नोव्हेंबरला, तोपर्यंत ती डचेस ऑफ कॉर्नवॉल अँड यॉर्क.

मग सासूबाईंचा प्रश्न मी विचारला, कॅमिलाचा. गाईडबाई म्हणाल्या, होती की. ९ एप्रिल २००५ ला विंडसरला लग्न झालं त्या दिवसापासून सतरा वर्षं ती प्रिन्सेस ऑफ वेल्सच होती, फक्त वापरत नव्हती, कारण त्या किताबाशी लोकांच्या मनात डायना जोडलेली होती. म्हणून नवऱ्याचाच दुसरा किताब वापरला, डचेस ऑफ कॉर्नवॉल, स्कॉटलंडमध्ये गेली की डचेस ऑफ रॉथसे. सासूबाईंना मी मराठीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे तिनं बरोबर केलं हो. मला पण तसंच वाटतं.

आता नावाची भानगड. डायनाला आपण सगळे प्रिन्सेस डायना म्हणतो, जगभर म्हणतात, पण नियमानं ते चूक. प्रिन्सेस आणि पुढं स्वतःचं नाव हे फक्त त्या घरात जन्मलेल्या मुलींना, जशी प्रिन्सेस ॲन. लग्न करून आलेलीला नवऱ्याचा किताब, तिचं स्वतःचं नाव त्यात येतच नाही. डायना होती हर रॉयल हायनेस द प्रिन्सेस ऑफ वेल्स, बस. २८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट पूर्ण झाला तेव्हा हर रॉयल हायनेस गेलं, त्याच महिन्यात राणीनं तसं फर्मानच काढलं होतं की घटस्फोट झालेल्या बायकोला ते राहणार नाही, आणि नाव झालं डायना, स्वल्पविराम, प्रिन्सेस ऑफ वेल्स. घटस्फोट झालेल्या सरदारांच्या बायकांचं नाव इंग्लंडमध्ये असंच लिहितात. म्हणजे किताब सुटायला लागला तेव्हा स्वतःचं नाव पुढं आलं.

सासूबाई हे ऐकून जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्या घरात जन्मली तर नावाला मान, आणि लग्न करून आली तर नवऱ्याच्या हुद्द्याला.’ मी म्हटलं, ‘हो आई, अगदी तसंच.’ हे मी गाईडबाईंना इंग्रजीत सांगितलं तर त्यांनी सासूबाईंचा हातच हातात घेतला.

मराठीत यासाठी आपल्याकडे इतका चांगला शब्द आहे आणि आपण तो वापरत नाही. राजकुमारी म्हणजे राजाची मुलगी. युवराजाची बायको ती युवराज्ञी. डायना युवराज्ञी होती, केट युवराज्ञी आहे. एका शब्दात सगळा घोळ मिटतो. बातम्या लिहिणाऱ्यांनी प्लीज हे मनावर घ्या.

आता पुस्तिका, म्हणजे दुसरी तक्रार आणि मोठी. सुरुवातीला प्रत्येकाला एक छापील पुस्तिका देतात, गुळगुळीत कागद, सुंदर फोटो, आणि मजकुरात तीन चुका. एक, सगळीकडे प्रिन्सेस डायना. दोन, यादीत डायनानंतर थेट केट, कॅमिला नाहीच. तीन, दुसऱ्या एलिझाबेथला राणी व्हायच्या आधीची प्रिन्सेस ऑफ वेल्स म्हटलंय, जे ती कधीच नव्हती. १९४४ मध्ये ती अठराची होत होती तेव्हा तिला ते द्यावं असं बरेच जण म्हणत होते आणि तिच्या वडिलांनीच, सहाव्या जॉर्जनं, नाही म्हटलं, का तर हे नाव प्रिन्स ऑफ वेल्सच्या बायकोचं म्हणून ओळखलं जातं. स्वतः वारस असलेल्या मुलीला जे मिळालं नाही ते वारसाच्या बायकोला मिळतं. आणि उलट बाजूनं बघा, वारस मुलगी असेल तर तिच्या नवऱ्याला आपोआप काहीच मिळत नाही, फिलिपला १९४७ मध्ये लग्नाच्या वेळी ड्यूक ऑफ एडिंबरा वेगळं करावं लागलं. आता २०१३ च्या कायद्यानं मुलगा-मुलगी वारस म्हणून समान केलेत पण कॉर्नवॉलचं ड्यूकपद अजून थोरल्या मुलाचंच आहे. माहिती विकताय, तर एवढी तरी बरोबर छापा ना.

गाईडबाईंना मी चुका दाखवल्या तर त्यांनी बाजू घेतली नाही की सारवासारव केली नाही. पर्समधून पेन काढलं आणि आमच्या पुस्तिकेवर स्वतः दुरुस्ती केली, ‘प्रिन्सेस डायना’वर काट मारून वर नीट लिहिलं. आणि लिहिता लिहिताच म्हणाल्या, असंच पेन एका प्रिन्सेस ऑफ वेल्सनं चालवलं होतं.

ती कॅथरीन ऑफ ॲरागॉन. आपल्याला ती आठव्या हेन्रीची पहिली बायको म्हणून माहिती, पण ती इंग्लंडला आली होती त्याच्या थोरल्या भावासाठी, आर्थरसाठी, तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स तो. १४ नोव्हेंबर १५०१ ला सेंट पॉल्समध्ये लग्न, वय पंधरा, आणि २ एप्रिल १५०२ ला लडलोला आर्थर गेला. मग १५०९ मध्ये हेन्रीशी लग्न, चोवीस वर्षं राणी. १५३३ मध्ये हेन्रीला ॲन बोलीनशी लग्न करायचं होतं म्हणून त्यानं ठरवलं की हे लग्न झालंच नव्हतं, त्यामुळं कॅथरीन राणी नाही, ती फक्त आर्थरची विधवा, प्रिन्सेस डाउजर. तिला हे सांगायला माणसं पाठवली, भेटीचा वृत्तांत लिहून तिच्यासमोर ठेवला, आणि जिथं जिथं प्रिन्सेस डाउजर लिहिलं होतं तिथं तिथं तिनं पेन घेऊन ते खोडलं. प्रत्येक ठिकाणी. जो किताब पंधराव्या वर्षी मानानं मिळाला तोच सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला खाली ओढायला वापरला. आणि तिच्यानंतर थेट १७१४ पर्यंत, दोनशे बारा वर्षं, कुणीच प्रिन्सेस ऑफ वेल्स नव्हती, कारण कुणाही प्रिन्स ऑफ वेल्सचं लग्न राजा व्हायच्या आधी झालंच नाही.

१७१४ वाली म्हणजे कॅरोलाइन ऑफ आन्सबाख, तिच्यासाठी आम्हाला सेंट जेम्सेस पॅलेसच्या विटांच्या फाटकासमोर नेलं. सासरा पहिला जॉर्ज. १७१७ मध्ये बाप-लेकाचं भांडण इतकं वाढलं, नातवाच्या बारशावरून, की राजानं मुलाला आणि सुनेला याच वाड्यातून बाहेर काढलं आणि नातवंडं स्वतःकडं ठेवून घेतली. ज्याच्या बारशावरून भांडण झालं ते बाळ पुढच्या फेब्रुवारीत गेलं. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं इथं. हीच कॅरोलाइन, जिनं १७२२ मध्ये देवीची लागण होऊ नये म्हणून आपल्या दोन मुलींना टोचून घेतलं, तेव्हा डॉक्टर लोकसुद्धा घाबरत होते, आणि तिनं केलं म्हणून मग मोठ्या घरातले बाकीचे लोक तयार झाले. मला ही बाई फार आवडली. लहान मुलांना घेऊन गेलात तर ही गोष्ट त्यांना नक्की सांगा.

फाटकावरून वळलं की मार्लबरो रोडवर भिंतीला लागून अलेक्झांड्राचं स्मारक आहे, काळपट ब्राँझचं, १९३२ चं. येणारे-जाणारे बघत पण नाहीत. ती जवळजवळ अडतीस वर्षं प्रिन्सेस ऑफ वेल्स होती, १८६३ ते १९०१, सगळ्यात जास्त, कारण तिची सासू राणी व्हिक्टोरिया इतकी वर्षं राज्यावर होती. १८६७ मधल्या संधिवाताच्या तापानंतर तिचा पाय लंगडा झाला, ऐकू कमी यायला लागलं, आणि गंमत म्हणजे फॅशन म्हणून बायका तिच्यासारखं लंगडत चालायला लागल्या. पुढं क्लॅरेन्स हाउस बाहेरूनच बघितलं, थांबलो नाही फार.

तिथून बसनं केन्सिंग्टन पॅलेस. १९१० ते १९८१, एकाहत्तर वर्षं प्रिन्सेस ऑफ वेल्स नव्हती, मग २९ जुलै १९८१ ला डायना आली आणि इथंच राहिली. सनकन गार्डनमधला पुतळा, २०२१ मध्ये तिच्या साठाव्या वाढदिवसाला बसवलेला, भोवती तीन मुलं. हा भाग मात्र जरा उरकला असं वाटलं, दीड वाजत आला होता आणि बावीस लोकांना फोटो काढायचे होते. बारा असते तर झालं नसतं.

रविवारचा क्यू गार्डन्सचा भाग मला जास्त आवडला, अनपेक्षितपणे. गार्डनचं तिकीट वेगळं काढावं लागतं. इथली बाई ऑगस्टा, १७३६ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सशी लग्न, १७५१ मध्ये नवरा गेला, तो राजा झालाच नाही म्हणून ही राणी झाली नाही, १७७२ पर्यंत डाउजर प्रिन्सेस ऑफ वेल्स. आणि तिनं काय केलं तर १७५९ मध्ये इथं वनस्पतींची बाग सुरू केली, तीच आजची क्यू. दहा मजली पॅगोडा तिच्यासाठीच बांधलेला, १७६२ चा, त्यावरचे ऐंशी ड्रॅगन २०१८ मध्ये परत बसवलेत. आत एक मोठं काचघर आहे, प्रिन्सेस ऑफ वेल्स कंझर्व्हेटरी, दहा वेगवेगळ्या हवामानांचं, एका दारात निवडुंग आणि पुढच्या दारात चष्म्यावर वाफ धरते. पाटी बघून सासूबाई म्हणाल्या, डायनाचं ना हे? गाईडबाई म्हणाल्या, १९८७ मध्ये उघडलं डायनानं, पण नाव ऑगस्टाच्या आठवणीत आहे. पाटीवर बाईचं नाव नाही, किताब आहे, त्यामुळं कळायचं कसं. जाणाऱ्यांपैकी बरेच जण डायनाचंच समजून जात असतील.

कंपनीला मी ईमेल केला, तिन्ही चुका लिहून. चार दिवसांनी उत्तर आलं, पुढच्या छपाईत दुरुस्त करू म्हणाले. यंत्राचे पैसे परत दिले नाहीत. जायचं असेल तर शनिवार टाळा, मधल्या वारी गर्दी कमी असते असं गाईडबाईच म्हणाल्या, आणि बुक करताना ग्रुप किती लोकांचा ते लेखी विचारून घ्या. चालणं बरंच आहे पण सपाट आहे, सासूबाई सदुसष्टच्या, त्यांना जमलं.

आणखी एक. वॉकमध्ये नाही पण गाईडबाईंनी सांगितलं म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी किंग्ज क्रॉसवरून ट्रेननं पीटरबरोला गेलो. तिथल्या कॅथीड्रलमध्ये कॅथरीन ऑफ ॲरागॉन आहे. जानेवारी १५३६ मध्ये तिला पुरलं ते हेन्रीच्या हुकमानं प्रिन्सेस डाउजर म्हणून, राणी म्हणून नाही. आता तिथं वर मोठ्या सोनेरी अक्षरात लिहिलंय, कॅथरीन, क्वीन ऑफ इंग्लंड. लोक तिथं डाळिंबं ठेवतात, डाळिंब तिचं चिन्ह होतं म्हणून. आम्ही गेलो तेव्हा फरशीवर एक होतं, जरा सुकलेलं. सासूबाई तिथं थांबल्या, पिशवीतून ती पुस्तिका काढली, पेननं काट मारलेलं पान उघडलं आणि मला म्हणाल्या, यात हिचं नाव कुठंय ते दाखव, मला वाचू दे.